स्पीच थेरपीचं पदव्युत्तर शिक्षण : अर्ज कुठे भरायचा?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

बीएएसएलपीची, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आली की पुढच्या प्रवेशाचे अर्ज, परीक्षा आणि दाखले हे सगळं एकदमच अंगावर येतं. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांमधले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं देणारी मंडळी हा विषय शिकवणारी आणि रोज पेशंट बघणारी आहेत.

प्रश्न : मी लातूरची. बीएएसएलपीची इंटर्नशिप चालू आहे आणि पुढे एम.एस्सी. एसएलपी (वाचा-भाषा उपचार) करायचं नक्की आहे. सीनियर मुलींना विचारून म्हैसूर, मणिपाल, मुंबई, पुणे, चेन्नई, तिरुवनंतपुरम अशी यादी केली. पण जी ती आपल्याच कॉलेजचं नाव पुढे करते. यादी ठरवायची कशी आणि अर्ज किती भरायचे?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : संस्थांची नावं क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी एका कागदावर लिहा, की दोन वर्षांनी कोणता पेशंट समोर आला तर तुम्हाला हात आखडावा लागू नये. उशिरा बोलणारी आणि ऑटिझम असलेली मुलं, अडखळत बोलणं, आवाजाचे विकार, दुभंगलेला टाळू, पक्षाघातानंतरचा वाचाघात, गिळण्याचे विकार, कॉक्लिअर इम्प्लांट झालेली मुलं. यातल्या तीन गोष्टींवर खूण करा. एम.एस्सी.चा अभ्यासक्रम सगळीकडे दोन वर्षांचा, चार सत्रांचा आणि कागदावर जवळजवळ सारखाच. फरक पडतो तो क्लिनिकच्या दारातून आत कोण येतं याने.

गिळण्याचे विकार आणि वाचाघात शिकायचा असेल तर शेजारी मोठं रुग्णालय हवं. मुंबईच्या टोपीवाला मेडिकल कॉलेज आणि नायर रुग्णालयातलं ऑडिऑलॉजी-स्पीच थेरपी स्कूल, मणिपाल, चेन्नईची श्री रामचंद्र, पुण्याचं भारती विद्यापीठ ही अशी ठिकाणं. तिथे न्यूरॉलॉजीच्या वॉर्डातून, अतिदक्षता विभागातून, नवजात बालकांच्या कक्षातून बोलावणं येतं. नळी काढायची की ठेवायची, पेशंटला पातळ पेज द्यायची की घट्ट, हे निर्णय खाटेजवळ उभं राहून शिकावे लागतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, जिला सगळे ‘आयश’ म्हणतात, ती १९६५ची. या एकाच विषयाला वाहिलेली स्वतंत्र संस्था असल्यामुळे ग्रंथालय, उपकरणं, संशोधनाची शिस्त आणि पेशंटची विविधता यात ती उजवी आहे. पुढे पीएच.डी. किंवा शिकवण्याचा विचार असेल तर ती यादीत हवीच. बहिऱ्या मुलांवर आणि कॉक्लिअर इम्प्लांटनंतरच्या थेरपीवर भर द्यायचा असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहा. ही १९८३मध्ये सुरू झाली. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून होणाऱ्या इम्प्लांटची नोडल संस्था तीच आहे. तिरुवनंतपुरमची ‘निश’ही याच कारणासाठी विचारात घेण्यासारखी आहे.

आता सीनियर मुलींना काय विचारायचं ते. ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारलं तर ‘छान आहे, केस भरपूर मिळतात’ एवढंच ऐकायला मिळेल आणि त्यातून काहीच कळणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून नेमकं विचारा : गेल्या आठवड्यात तुझ्या नावावर किती पेशंट होते? त्यातले प्रौढ किती? सुपरवायझर सेशन चालू असताना काचेपलीकडे बसतात, की फक्त रिपोर्टवर सही करतात? गिळण्याच्या तपासणीची एफईईएस (नाकातून दुर्बीण घालून) किंवा व्हीएफएसएस (एक्स-रेवर) चालू असताना आत उभं राहू देतात का? स्वरतंतूंची स्ट्रोबोस्कोपी तू स्वतः किती वेळा पाहिलीस? माहितीपत्रकात यंत्राचा फोटो असतो. पण यंत्र ईएनटी विभागाच्या कुलपात असेल आणि विद्यार्थ्याला वर्षातून एकदा दाखवत असतील, तर ते असून नसल्यासारखं.

जमलं तर एका विद्यार्थ्याची लेसन प्लॅनची वही पाहायला मागा. दोन मिनिटांत संस्थेचा दर्जा समजतो. एखाद्या वहीत उद्दिष्ट लिहिलेलं असतं, ‘मूल शब्द बोलू लागेल’, आणि खाली नुसती तारीख. दुसऱ्या वहीत असतं, ‘खाऊ आणि खेळणी समोर असताना, थेरपिस्टने पाच सेकंद थांबल्यावर, मूल १० पैकी ८ वेळा दोन शब्दांत मागणी करेल : पाणी दे, बॉल दे’. खाली आजचा आकडा, चुकलं कुठे त्याची नोंद आणि लाल शाईत सुपरवायझरचा शेरा, ‘आधार फार लवकर दिलात, थांबण्याची वेळ वाढवा’. ही दुसरी वही जिथे रोज तपासून परत मिळते, तिथे अर्ज भरा, मग गावाचं नाव कमी प्रसिद्ध असलं तरी चालेल.

प्राध्यापकांबद्दल एकच काम करा : गेल्या तीन वर्षांतले प्रबंधांचे विषय मिळवा. त्यावरून कोण खरोखर कशात काम करतं ते दिसतं. तुम्हाला तोतरेपणात रस असेल आणि तीन वर्षांत त्यावर एकही प्रबंध नसेल, तर मार्गदर्शक मिळायला अडचण येईल.

अर्जांची संख्या पाच-सहा पुरे. प्रत्येक ठिकाणी वेगळं शुल्क, वेगळी परीक्षा, वेगळा प्रवास, आणि दहा अर्ज भरले की अभ्यास मागे पडतो. दोन जागा अशा ठेवा जिथे चुरस मोठी आहे, दोन तुमच्या गुणांना साजेशा आणि एक-दोन बऱ्यापैकी खात्रीच्या. मात्र खात्रीची जागा म्हणजे जिथे तुम्ही खरंच दोन वर्षं काढाल अशी. नाहीतर तो अर्ज फुकट.

हे सगळं एका खिडकीवर होत नाही, हे ध्यानात ठेवा. महाराष्ट्रातल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न जागांसाठी राज्याच्या सीईटी सेलची एम.एस्सी. ए अँड एसएलपी सीईटी असते. आयशची स्वतःची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा असते. अभिमत विद्यापीठं आपापली प्रक्रिया राबवतात. तारखा एकमेकींवर आदळतात, म्हणून भिंतीवर एक तक्ता लावा : अर्जाची शेवटची तारीख, परीक्षा, समुपदेशन, शुल्क भरण्याची मुदत आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते. हा शेवटचा रकाना फार जण सोडून देतात. अभिमत विद्यापीठाची फी जूनमध्ये भरायची आणि पसंतीच्या जागी नंतर नंबर लागायचा, असं बऱ्याचदा होतं. तेव्हा परतावा किती आणि कोणत्या तारखेपर्यंत हे आधीच लेखी माहीत असलेलं बरं.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते इंटर्नशिपच्या तारखेवर. माहितीपत्रकात ‘अमुक तारखेपर्यंत इंटर्नशिप पूर्ण झालेली असावी’ असं असतं. रजा जास्त झाल्या किंवा एखादा विषय राहिला की इंटर्नशिप पुढे सरकते, आणि मग परीक्षेत उत्तम गुण असूनही प्रवेश हातचा जातो. आजच तुमच्या विभागप्रमुखांकडून संभाव्य पूर्णतेची तारीख लेखी घ्या आणि प्रत्येक माहितीपत्रकाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर ती संस्था यंदा सोडा.

पैशांचा हिशोब २४ महिन्यांचा करा : शिक्षण शुल्क, वसतिगृह, मेस, प्रबंधाचा खर्च, येणं-जाणं. शासकीय राष्ट्रीय संस्थांत शुल्क कमी आणि वर विद्यावेतनही मिळतं. राज्यात महाडीबीटीवरच्या शुल्क सवलती साधारणपणे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेला लागू होतात. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठाला त्या धरून चालू नका.

प्रश्न : मला म्हैसूरला किंवा मणिपालला जायचं आहे, पण कन्नड येत नाही. थेरपी तर भाषेतूनच करायची असते. दोन वर्षं वाया जातील का? परत येऊन धाराशिवमध्येच काम करायचं आहे.
– एक विद्यार्थी, धाराशिव

उत्तर : वाया जाणार नाहीत, पण अडचण खरी आहे आणि तिची तयारी आधी करायला हवी. म्हैसूर आणि मणिपालमध्ये देशभरातले विद्यार्थी असतात; हिंदी, इंग्रजी बोलणारे पेशंटही येतात. गिळण्याचे विकार, आवाज, श्रवणाच्या चाचण्या, इथे भाषेचा अडसर कमी. लहान मुलांची भाषा आणि वाचाघात इथे मात्र तो पूर्ण जाणवतो. म्हणून जायच्या आधी तीन महिने कामापुरतं कन्नड शिका : शरीराचे अवयव, घरातली नाती, खाण्याचे पदार्थ, ‘दाखव’, ‘दे’, ‘पुन्हा म्हण’, ‘थांब’. पालकांची माहिती घ्यायच्या प्रश्नांची एक छापील यादी जवळ ठेवा. विद्यार्थी जोडीने केस घेऊ शकतात का, हेही संस्थेला विचारून ठेवा.

तुमच्या बाबतीत मोठा प्रश्न परत आल्यानंतरचा आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हीच प्रबंधातून तयार करू शकता. मराठीतल्या चाचण्या मुळातच थोड्या, आणि ज्या आहेत त्यांतली भाषा बहुतेक पुण्या-मुंबईची. धाराशिव-लातूरकडचं मूल ‘मी जेवायलो’, ‘आई येऊलाली’ म्हणतं. ‘जेवतोय’ हेच बरोबर धरणारा तपासणारा तिथे काळाची चूक लावतो आणि धड बोलणाऱ्या मुलाच्या नावावर भाषेचा विकार चढतो. ही आपली बोली आहे, दोष नव्हे. तपासताना पालक घरी तेच रूप वापरतात का ते आधी ऐकायचं. वापरत असतील तर गुण कापायचा नाही. उलटही होतं : ळ आणि ण या ध्वनींची खरी अडचण ‘आपल्याकडे असंच बोलतात’ म्हणून सोडून दिली जाते. घरातली मोठी माणसं ‘बाळ’, ‘पाणी’ स्पष्ट म्हणत असतील आणि सहा वर्षांचं मूल सगळीकडे ल आणि न करत असेल, तर ते तपासायलाच हवं.

त्यातून मराठवाड्यातल्या घरांत मराठीबरोबर दखनी उर्दू, तांड्यावर गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कन्नड बोलली जाते. कन्नड क्लिनिकमध्ये काढलेली दोन वर्षं उमरग्याच्या पेशंटपाशी सरळ उपयोगी पडतील. अर्ज करताना एवढं विचारा, की प्रबंधासाठी माहिती मराठवाड्यात येऊन गोळा करू देतात का. सुट्टीत शाळांमधून नमुने घेता येतात. मार्गदर्शकाने आणि नैतिकता समितीने परवानगी दिली की झालं. समितीची मान्यता मिळायला वेळ लागतो, म्हणून विषय पहिल्या सत्रातच ठरवावा. येण्याजाण्याचं म्हणाल, तर सोलापूरहून म्हैसूरला गोलगुंबज एक्स्प्रेस थेट जाते.

प्रश्न : एम.एस्सी. एसएलपी घ्यावं की एम.एस्सी. ऑडिऑलॉजी? काही ठिकाणी एमएएसएलपी असंही नाव दिसतं. नोकरी नांदेड जिल्ह्यातच हवी.
– एक इंटर्न, नांदेड

उत्तर : एमएएसएलपी हे दोन्ही विषय एकत्र असलेल्या पदवीचं जुनं नाव. आता बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या एम.एस्सी. आहेत. बीएएसएलपी झाल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये, तुमची नोंदणी होते तीच दोन्ही कामांसाठी. एम.एस्सी.त एक बाजू निवडली म्हणून दुसरी कायद्याने बंद होत नाही.

जिल्ह्यात पदंही बहुधा एकत्रच निघतात : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिल्हा रुग्णालयातला बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालयांचे ईएनटी विभाग. सकाळी नवजात बाळांची ओएई, दुपारी बेरा (या दोन्ही श्रवणाच्या चाचण्या), मधल्या वेळात थेरपी, असा दिवस असतो. तेव्हा काहीही निवडा, पण दुसऱ्या बाजूचा हात सुटू देऊ नका. एसएलपी करणाऱ्याला दोन वर्षांत श्रवणयंत्र बसवायला मिळतं का, हे संस्थेला विचारा.

स्वतःचं क्लिनिक काढायचं असेल तर हिशोब वेगळा. ऑडिऑलॉजीला ध्वनिरोधक खोली, ऑडिओमीटर, शक्य तर बेरा, म्हणजे सुरुवातीलाच मोठं भांडवल. श्रवणयंत्रांच्या विक्रीतून ते वसूल होतं, पण विक्रीचा दबाव तपासणीवर येऊ न देण्याची शिस्त लागते. एसएलपी एका शांत खोलीत, मोजक्या साहित्यावर सुरू करता येतं. मिळकत मात्र तासांना बांधलेली : पाऊण तासाचं एक सेशन धरलं तर दिवसाला आठ-नऊच्या वर नीट थेरपी होत नाही. आमचं मत विचाराल तर नांदेड, हिंगोली, परभणी या पट्ट्यात मुलांच्या भाषेचं आणि पक्षाघातानंतरचं काम करणारी प्रशिक्षित माणसं फार हवी आहेत. यंत्रात आणि मोजमापात तुमचा जीव रमत नसेल, तर एसएलपीच घ्या.

प्रश्न : मुलीचं बीएएसएलपी झालं आहे. एका एजंटाने सांगितलं, की परराज्यातल्या विद्यापीठातून घरबसल्या एम.एस्सी. स्पीच होते, हजेरी लागत नाही, आरसीआय नंबरही मिळवून देऊ. अर्धी रक्कम आगाऊ मागतो आहे. भरावी का?
– एक पालक, परभणी

उत्तर : भरू नका. बीएएसएलपी असो की एम.एस्सी., हा अभ्यासक्रम नियमित वर्गात आणि क्लिनिकमध्ये हजर राहूनच होतो. दूरस्थ पद्धतीने मिळालेल्या अशा पदवीवर आरसीआयची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय काम करणं हा १९९२च्या आरसीआय कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तुमच्या मुलीकडे बीएएसएलपीची नोंदणी आहे; ती चांगली चाललेली वाट अशा भानगडीत धोक्यात घालू नये.

कोणतीही संस्था तपासायची रीत अशी. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची राज्यवार यादी असते. तिथे संस्थेचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमाला असते, ठरावीक जागांना आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांपुरती असते. एखाद्या संस्थेचं बीएएसएलपी मान्य असतं आणि एम.एस्सी.ची मुदत संपलेली असते. किंवा मान्यता १० जागांना आणि प्रवेश दिलेले १५. जास्तीच्या पाच जणांची नोंदणी अडते आणि ते त्यांना पदवी हातात आल्यावर कळतं. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाचं मान्यतापत्र मागा, त्यावरचा जागांचा आकडा वाचा, आणि विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्रही पाहा. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून उठायचं.

प्रश्न : राज्यात मी एनटी-ड प्रवर्गात आहे, माझी मैत्रीण मराठा समाजाची. दोघींनाही केंद्राच्या संस्थेचा अर्ज भरायचा आहे. कोणता दाखला लागेल?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : केंद्रीय संस्थांत राज्याचे व्हीजेएनटीचे अ, ब, क, ड गट नसतात. वंजारी, धनगर, बंजारा विद्यार्थी तिथे केंद्राच्या ओबीसी यादीखाली अर्ज करतात. आपल्या जातीचं नाव, स्पेलिंगसकट, केंद्राच्या महाराष्ट्रासाठीच्या यादीत पाहून घ्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर नुसतं ‘नॉन-क्रीमीलेअर’ म्हटलं की राज्याचा नमुना निघतो. केंद्र शासनाच्या नमुन्यातलं हवं, असं अर्ज करतानाच स्पष्ट सांगा. राज्याचा दाखला जोडलेले अर्ज थेट खुल्या प्रवर्गात टाकले जातात.

मैत्रिणीचा एसईबीसी दाखला फक्त राज्यात चालतो. केंद्रीय संस्थेत तिला ईडब्ल्यूएसमधून अर्ज करता येईल, पण तिथे आठ लाखांखालच्या उत्पन्नाबरोबर मालमत्तेच्या अटी आहेत. आपल्याकडे आडवी येते ती शेतीची : कुटुंबाची मिळून पाच एकर किंवा जास्त जमीन असेल तर दाखला मिळत नाही, मग ती कोरडवाहू का असेना. वेगवेगळ्या गावांतले सातबारे एकत्र मोजले जातात. आई-वडिलांच्या नावावरची सगळी जमीन आधी बेरजेला घ्या, मगच तहसीलला खेटे घाला. हा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो. एक एप्रिलनंतरचा नवा काढून ठेवा. घरात कुणाची कुणबी नोंद निघाली असेल आणि तिचं प्रमाणपत्र घेतलं असेल, तर तिच्यासाठी ओबीसीचा मार्ग वेगळा आहे. दोन्ही प्रवर्गांचे दाखले एकाच वेळी वापरू नयेत.

महाराष्ट्राबाहेर नंबर लागला तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. निकालाआधीच त्याची चौकशी करून ठेवा.

प्रश्न : बीएएसएलपीनंतर थेट अमेरिकेत मास्टर्स करता येईल का? विद्यापीठं कशी निवडायची? – जालना. शिवाय बीडहून एका बी.एस्सी. झालेल्या वाचक ताईंनी विचारलं आहे, की बीएएसएलपी न करता एम.एस्सी. एसएलपीला प्रवेश मिळेल का?

उत्तर : अमेरिकेत चालेल असं मास्टर्स हवं असेल तर पहिली चाळणी एकच : तो अभ्यासक्रम ‘आशा’ या तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या व्यावसायिक संघटनेच्या मान्यता मंडळाकडून, म्हणजे सीएएकडून, मान्य आहे का. आशाच्या एडफाइंड या शोधयादीत ते दिसतं. बहुतेक ठिकाणचे अर्ज सीएसडीकॅस या सामाईक यंत्रणेतून जातात. पुढच्या ऑगस्टच्या प्रवेशासाठीच्या मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतात, म्हणून ट्रान्सक्रिप्टची मागणी विद्यापीठाकडे दिवाळीच्या आधीच टाका. ऑडिऑलॉजी मात्र तिथे मास्टर्स राहिलेली नाही. त्यासाठी एयूडी ही डॉक्टरेट करावी लागते.

भारतीय विद्यार्थी अडतात ते मूलभूत विषयांवर. आशाच्या प्रमाणपत्राला महाविद्यालयीन पातळीवर जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, सामाजिक किंवा वर्तनशास्त्र आणि संख्याशास्त्र, असे चार विषय लागतात. बारावीचं फिजिक्स चालत नाही. संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर हवा. ‘संशोधनपद्धती व संख्याशास्त्र’ असा जोडपेपर बहुधा नाकारला जातो. आपली गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम विद्यापीठाला पाठवून, कोणता विषय धरला जाईल ते अर्जाआधी ईमेलने विचारा. उरलेले विषय तिथल्या कम्युनिटी कॉलेजात किंवा ऑनलाइन करता येतात, पण वेळ आणि पैसा दोन्ही वाढतात.

क्लिनिकचे एकूण ४०० तास लागतात : २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष कामाचे, आणि त्यातले ३२५ मास्टर्सच्या काळातले. सुपरवायझर आशाचे प्रमाणित असावे लागतात, त्यामुळे इथल्या इंटर्नशिपचे तास सहसा मोजले जात नाहीत. नंतर प्रॅक्सिस परीक्षेत १६२ गुण, आणि ३६ आठवड्यांची, किमान १,२६० तासांची क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे तज्ज्ञाच्या देखरेखीखालची नोकरी. विद्यार्थी व्हिसावरची नेहमीची कामाची मुभा १२ महिन्यांची. फेलोशिप त्यात बसते, पण नोकरी शोधण्यात चार महिने गेले तर बसत नाही. म्हणून ज्या राज्यात शाळांमध्ये आणि रुग्णालयांत परदेशी फेलो घेतात, तिथलं विद्यापीठ निवडणं शहाणपणाचं. गेल्या दोन वर्षांत किती परदेशी विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळाली, हे कार्यक्रम संचालकांना सरळ विचारा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाणार असाल तर तिला क्यूएस क्रमवारीची अट आहे, आणि या विषयातले चांगले अभ्यासक्रम अनेकदा क्रमवारीत नसलेल्या छोट्या विद्यापीठांत असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवून जुळणारी नावं काढा.

ब्रिटनचा विचार असेल तर तिथल्या नोंदणीला आयईएलटीएसमध्ये एकूण ८ आणि कोणत्याही भागात ७.५च्या खाली नाही, एवढं इंग्रजी लागतं. इतर आरोग्य व्यवसायांपेक्षा ही अट कडक आहे, म्हणून परीक्षा आधी द्या, अर्जाचा खर्च नंतर.

बीडच्या ताईंना : बीएएसएलपीशिवाय भारतात एम.एस्सी. एसएलपीला प्रवेश नाही, बी.एस्सी.त कितीही गुण असले तरी. बीएएसएलपी इंटर्नशिपसह चार वर्षांचं आहे. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, आणि मराठवाड्यासाठीचा ७०:३० प्रादेशिक कोटा २०२०मध्ये रद्द झाला आहे. एवढी वर्षं देणं शक्य नसेल तर कर्णबधिर मुलांसाठीचं विशेष शिक्षणातलं बी.एड. पाहा. त्याला पदवी पुरते, आणि कर्णबधिर शाळेत मुलांच्या भाषेचं रोजचं काम त्या शिक्षकाच्याच हातून होतं. एक वर्षाची डीएचएलएस (श्रवण, भाषा व वाचा) पदविकाही आहे, पण ती सहायकाच्या कामासाठी, तिच्यावरून एम.एस्सी.ला जाता येत नाही. दोन्हींना आरसीआयची मान्यता लागते, आणि ती तपासायची रीत वर परभणीच्या पालकांना दिलेल्या उत्तरात आहे.